भूमीवरील बेटे: क्षेत्रफळ, अंतर आणि जीवजाती

बंगळूर शहरातील जयनगर ही वसाहत १९४८ साली वसविण्यास आरंभ झाला. तिच्या वृक्षाच्छादित रस्त्यांमधून लहान लहान उद्याने विखुरलेली आहेत, आणि उत्तरेस सुमारे २४० एकरांची लालबाग पसरलेली आहे. एखाद्या छोट्या उद्यानात घटकाभर बसल्यास कावळा, साळुंकी, पोपट, खार असे परिचित प्राणीच बहुधा दिसतात. लालबागेत मात्र त्यांच्या जोडीला तळ्यावर पाणकावळे व बगळे आणि वृक्षांच्या ढोलीत पिंगळाही आढळतो. शहर एक, हवामान एक. मग हा फरक का पडावा?

याचे उत्तर समुद्रातील बेटांच्या अभ्यासातून मिळते. चहूकडून इमारतींनी वेढलेले उद्यान हे तेथील बेडकाला किंवा भुंगेऱ्याला बेटासारखेच असते.

आगमन आणि लोप

रॉबर्ट मॅकआर्थर व एडवर्ड विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६३ साली व पुढे १९६७ च्या ग्रंथात एक उपपत्ती मांडली. बेटावरील जातींची संख्या दोन क्रियांनी ठरते: नव्या जातींचे आगमन आणि जुन्यांचा लोप. बेट मुख्य भूमीपासून दूर असेल, तर तेथे पोहोचणाऱ्या जाती थोड्या असतात. बेट लहान असेल, तर प्रत्येक जातीचे प्राणी संख्येने कमी असतात. एखादे वादळ, रोग किंवा अवर्षण त्यांचा निःपात करण्यास पुरेसे होते. शिवाय मोठ्या बेटावर तळे, खडक, दाट झाडी अशी निरनिराळी निवासस्थाने असतात, व त्यामुळे निरनिराळ्या जातींची सोय होते.

या दोन क्रियांचा वेग सारखा झाला की समतोल येतो. धर्मशाळेत रोज काही प्रवासी येतात व काही जातात. एकूण संख्या तीच राहते, परंतु माणसे बदलतात. तसेच हे आहे.

दोन दाखले

१८८३ साली क्राकाटोआ बेटावरील जीवसृष्टी ज्वालामुखीने नष्ट केली. १९०८ साली तेथे १३ जातींचे पक्षी आढळले. १९२१ पर्यंत ही संख्या २७ झाली. १९३४ च्या सुमारासही ती २७ च होती, परंतु मधल्या काळात काही जाती जाऊन त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या होत्या.

पुढे विल्सन व सिम्बरलॉफ यांनी फ्लॉरिडाजवळील खारफुटीच्या चिमुकल्या बेटांवर औषधी धुरी देऊन सर्व कीटक मारले. वर्षाच्या आतच बहुतेक बेटांवर जातींची संख्या पूर्ववत झाली. सर्वांत दूरच्या बेटावर मात्र ती मागे राहिली.

क्षेत्रफळाविषयी एक स्थूल नियम आहे: ते दसपट वाढल्यास जातींची संख्या साधारणतः दुप्पट होते. उलट, नऊ दशांश रान तोडले, तर कालांतराने निम्म्याच जाती उरण्याचा संभव असतो. हा तोटा लगेच दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक होय.

शहरातील सेतू

शहर म्हणजे समुद्र नव्हे. घार रस्ता सहज ओलांडते. बेडकाला तोच रस्ता दुस्तर ठरतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या बंगळूर येथील आवारात लोरिस हा सडपातळ, निशाचर प्राणी आढळला आहे. तो फांद्याफांद्यांवरून संथपणे चालतो. दोन झाडांमधील दुवा तुटला की त्याची वाटच खुंटते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. रस्ता रुंद करण्यासाठी झाडांची रांग तोडली, तर केवळ सावली जात नाही. दोन बेटांना जोडणारा सेतूही जातो. तोडलेल्या झाडांइतकीच रोपे दूर कोठेतरी लावून तो सेतू परत मिळत नाही. म्हणून मोठी उद्याने अखंड राखणे आणि छोटी उद्याने वृक्षराजीने जोडणे, ही दोन्ही कामे सारखीच अगत्याची आहेत.

स्वतः करून पाहा

आपल्या परिसरातील एक मोठे व एक लहान उद्यान निवडा. दोन्हींत एकाच ऋतूत, सकाळच्या एकाच वेळी, प्रत्येकी अर्धा तास पक्ष्यांच्या जाती मोजा. मोठ्या उद्यानात अधिक वेळ घालविल्यास तेवढ्यानेच अधिक जाती दिसतील व निष्कर्ष फसवा ठरेल. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी करा. संख्या तीच राहिली काय? आणि जातीही त्याच राहिल्या काय?