अरबी कशासाठी शिकायची?

अरबी ही परक्यांची भाषा, तिच्याशी आपला संबंध काय, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. पण पुण्याच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही.

पेशवे दप्तरातील मोडी कागद पाहा. मजकूर मराठी, पण वर्ष बहुधा अरबीत! पानिपतच्या युद्धाचे, १४ जानेवारी १७६१ चे, वर्ष घ्या : ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. हा शुहूर सन. आपल्या ‘एकसष्ट’प्रमाणे येथेही एकं आधी, दहं नंतर. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे साल सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवले की इसवी सन येतो.

हे आकडे पाठ करूनही काम भागेल, असे कोणी म्हणेल. पण ‘सलास’ म्हणजे तीन आणि ‘सलासीन’ म्हणजे तीस. ‘समान’ आठ, ‘समानीन’ ऐंशी. एका अक्षराच्या चुकीने इतिहास वीस-पंचवीस किंवा त्याहून अधिक वर्षे सरकतो. ‘मयातैन’ म्हणजे दोनशे, कारण संस्कृतप्रमाणेच अरबीतही द्विवचन आहे. ज्याला व्याकरण कळते त्याला हा भेद घोकावा लागत नाही.

दुसरे कारण आपल्या तोंडीच आहे. तारीख, हिशेब, हुकूम, वकील, हक्क, कायदा, तालुका हे शब्द मूळ अरबी. बहुतेक फार्सीच्या वाटेने मराठीत आले. अरबी शब्द प्रायः तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. ‘गोळा करणे’ या अर्थाच्या एकाच धातूपासून जमा, जमात, जुम्मा आणि ‘मजमू’ हे शब्द झाले. त्या मजमूला फार्सी ‘दार’ लागून मुजुमदार झाला. हिशेबाच्या वहीतली ‘जमा’ आणि मुजुमदार हे आडनाव अशी सख्खी भावंडे निघतात! आपल्या ‘कसबा’ पेठेतला कसबाही अरबीच.

तिसरे कारण आजच्या जगाचे. वीसहून अधिक देशांत अरबी ही राजभाषा आहे. १९७३ पासून ती संयुक्त राष्ट्रसंघाचीही अधिकृत भाषा आहे. आखातात नोकरी, व्यापार वा भाषांतराचे काम करू पाहणाऱ्याला तिचा उपयोग उघड आहे.

मात्र एक सांगितले पाहिजे. दप्तर वाचायचे तर मोडी आधी, फार्सीची ओळख नंतर. अरबी त्या दोघींना आधार देते, त्यांची जागा घेत नाही. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, काही उच्चार आपल्या घशाला नवे आहेत, चिकाटी लागते. पण ज्या भाषेतले शब्द आपण दिवसभर बोलतो, तिला परकी म्हणून दूर ठेवण्यात नुकसान आपलेच आहे.