लाल शिक्क्याच्या वरची ओळ



मागच्या पावसाळ्यात जोगेश्वरीजवळच्या आरेतील एका पाड्यातले वारली काका आमच्या कागदपत्र-मदतीच्या टेबलाशी आले. हातात स्टँप पेपर होता. डहाणू तालुक्यातली त्यांच्या वडिलांची जमीन विकण्याचा करार. घेणारा आदिवासी नव्हता. "नोटरी झालीय ताई, म्हणजे पक्कंच ना?" खाली अंगठा होता. मजकूर मात्र त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता.

मी शिक्क्याच्या वरची ओळ वाचली : 'माझ्यासमक्ष अंगठा केला.' अंगठा याच माणसाचा, एवढीच ती साक्ष. व्यवहार कायदेशीर आहे असे ती म्हणत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. शिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36 अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी हवी. इथे दोन्ही नव्हते.

शिक्का तोच, पण दाखले निरनिराळे. प्रतिज्ञापत्रावर 'माझ्यासमोर शपथेवर सांगितले' असे असते. मजकूर खरा असल्याची जबाबदारी तिथे सांगणाऱ्याची. खोटे निघाले तर शिक्षाही त्यालाच. (डोंगरावरील प्रवचन आठवून शपथ घ्यायला कचरणाऱ्यांनी निश्चिंत असावे, 1969 च्या शपथ कायद्यानुसार सत्यप्रतिज्ञा चालते.) 'खरी प्रत' म्हणजे झेरॉक्स मुळाशी ताडून पाहिली, इतकेच. मूळ कागद बनावट असेल तर शिक्क्याने तो खरा होत नाही.

जातीच्या दाखल्यासाठी आलेल्यांना अजूनही कोणी ना कोणी स्टँप पेपर विकत घ्यायला लावतो, याचा मला राग येतो. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क 1 जुलै 2004 च्या आदेशानेच माफ झाले आहे.

अंगठा करणाऱ्याच्या कागदावर 'मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवला, त्याला समजला' हे वाक्य असावे, असा माझा आग्रह असतो. आपल्यापैकी कोणी पाड्यावरच्या माणसासोबत नोटरीकडे गेलात, तर आधी ते वाक्य शोधा आणि खरोखर वाचून घ्या.

काकांसोबत आमचा एक कार्यकर्ता तलाठ्याकडे गेला. सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव आहे. घेतलेले वीस हजार कसे फेडायचे, हा प्रश्न मात्र उरला आहे.