पिवळं पडलेलं कुटार

2023 च्या ऑगस्टमध्ये पावसानं पाठ फिरवली. देशात 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. मेहकर तालुक्यातल्या आमच्या शिवारात सोयाबीन फुला-शेंगांवर होतं. आधी एखादं झाड पिवळं दिसलं, मग तासच्या तास पिवळे झाले. ढोरांसाठी गोठ्यामागं पेरलेली चवळीही सुटली नाही. पिवळा मोझॅक होता तो. त्या वर्षी विदर्भ-मराठवाड्यात नुकसानीची चर्चा क्विंटलांत झाली, ढोरांच्या वैरणीचं फार कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे ज्वारी होती तेव्हा कडबा होता. सोयाबीन आलं आणि गोठ्याची भिस्त कुटारावर गेली. कोवळेपणी रोग लागलेलं झाड खुजं राहतं, शेंगा कमी धरतं, त्यामुळे मळणीनंतर कुटाराचा ढीगही लहानच पडतो. आमचं कुटार उन्हाळा लागताच संपलं आणि कडबा विकत आणावा लागला.

सगळ्यात आधी रोग ओळखा. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये हिरव्या पानावर पिवळे धमक, वेडेवाकडे ठिपके येतात आणि सुरुवातीला अशी झाडं शेतात विखुरलेली असतात. आमच्या भागात कितीतरी जणांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून बुरशीनाशक मारलं, कुणी युरिया टाकला. हा विषाणू आहे, त्याला बुरशीनाशक लागू पडत नाही. युरियानं तर पीक लुसलुशीत होतं आणि पांढरी माशी वाढते. रोग पसरवते ती हीच माशी. रोगट झाडाचा रस एकदा शोषला की ती पुढं झाडामागून झाड बाधित करत जाते. कोरड्या, उबदार हवेत तिचं फावतं.

म्हणून पेरणीनंतरचे पहिले आठवडे शेतात फिरा, पानं उलटून बघा. पिवळं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून पुरा, शक्यतो सकाळच्या गारव्यात, कारण तेव्हा माशी कमी उडते. पिवळे चिकट सापळे लावा, धुऱ्यावरचं तण काढा. माशी थोडी असतानाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. जेएस 335 हे जुनं वाण या रोगाला लवकर बळी पडतं, तेव्हा बियाणं घेताना मोझॅकला तग धरणारं वाण मागा. सोयाबीनशेजारी उन्हाळी मूग किंवा चवळी उभी असेल तर जास्त जपा, कारण विषाणू त्यांच्यातही राहतो.

मळणी झाल्यावर शेजाऱ्यानं विचारलं, "भाऊ, हे कुटार ढोरांना घालावं का? लम्पी तर नाही ना येणार?" आदल्याच वर्षी, 2022 मध्ये, आपल्या जिल्ह्यानं लम्पीत गोठे रिकामे होताना पाहिले होते, त्यामुळे ती भीती मला पुरती समजते. पण वनस्पतीचा हा विषाणू जनावराला लागत नाही. लम्पीचा विषाणू वेगळा, तो माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो. कुटारात धोका असतो तो बुरशीचा आणि औषधाचा. भिजून काळं पडलेलं कुटार टाकून द्या. कीटकनाशकाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत जेवढं अंतर लिहिलेलं असतं ते पाळा. हिरवी चवळी कापताना तर हे नक्कीच, कारण ती त्याच दिवशी दावणीत जाते.

थोडी तरी ज्वारी पेरा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. तिलाही मोझॅक येतो, मावा तो पसरवतो. पानांवर आधी फिकट रेषा आणि मग लाल पट्टे दिसतात. बरू गवतातही तो विषाणू टिकतो, म्हणून धुऱ्यावरचा बरू मुळापासून खणा. पण पांढऱ्या माशीचा मोझॅक ज्वारीला लागत नाही, त्यामुळे सोयाबीन गेलं तरी कडबा हाती राहतो.

रोगाची शंका असेल तर अख्खं ताजं झाड मुळासकट उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून बुलढाण्याच्या किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. वाळलेल्या पानावरून त्यांनाही फारसं कळत नाही.