अर्धा दाणा

माझ्या सासूबाईंच्या हातचा कच्चा चिवडा आमच्या सगळ्या गोतावळ्यात नावाजलेला आहे. मुरमुरे, कच्चं तेल, तिखट-मीठ, बारीक कांदा, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर आणि वरून शेंगदाणे. त्या दिवशी तो परात भरून केला होता. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव सुरू होता आणि गुरुकुंजात प्रार्थनेला आलेले अकोल्याकडचे पाहुणे तिवशाला आमच्याकडे उतरले होते. सपरीत बायका बसलेल्या, स्वयंपाकघरात चहाचं आधण. माझा १७ महिन्यांचा मुलगा या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. मला वाटलं, एवढी माणसं आहेत, पाहतील त्याला. बाहेर बसलेल्या प्रत्येकीला वाटलं, त्याची माय आहेच.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा तो खांबाला धरून उभा होता. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. हात हलत होते, पण तोंडातून आवाज नव्हता. रडणं नाही, खोकणं नाही. त्याच्याशेजारी माझा सहा वर्षांचा पुतण्या चिवड्याची वाटी घेऊन उभा होता. आपल्या वाटीतला घास त्याने मोठ्या मायेने धाकट्या भावाला भरवला होता.

ट्रे कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. मी धावले आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. बोटाला काहीतरी लागलं आणि आणखी आत सरकलं. कोणी टाळूवर फुंकर घालत होतं, कोणी म्हणत होतं, “वर पाय बापू, चिमणी उडाली!” कोणी ओरडलं, “पाणी पाजा वं त्याले!” त्याचे ओठ जांभळे पडत चालले होते.

गलका ऐकून शेजारच्या काकू आल्या. अंगणवाडीत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. “बोट काढ आधी!” म्हणाल्या. खाली बसून त्यांनी त्याला मांडीवर पालथा घेतला, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने जोरात थापा दिल्या. चौथ्या थापेला काहीतरी फरशीवर पडलं आणि पोराने टाहो फोडला. त्या टाह्याइतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

सगळ्या बाया त्याला जवळ घेत होत्या. मी फरशीवर पडलेलं उचललं. तो अर्धा शेंगदाणा होता. चिवड्यातले दाणे अख्खे होते, हे मला ठाऊक होतं.

इथून पुढे जे झालं, त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

काकू जाताना म्हणाल्या, “उद्या डॉक्टरले दाखवून घे वं. काय झालं ते सगळं सांग.” मी मान हलवली. पण पुतण्या भिंतीला चिकटून उभा होता. खरं सांगितलं तर त्याला मार बसेल, असं वाटलं. मलाही ऐकावं लागेल, की घरात एवढा पसारा असताना हिचं लक्ष कुठे होतं? उरलेला अर्धा दाणा पोटात गेला असेल, अशी मी माझी समजूत घातली. संध्याकाळी हे शेतातून आले, तेव्हा मी म्हटलं, “थोडा ठसका लागला होता. आता बरा आहे.” तो खरोखरच बरा दिसत होता. जेवला, खेळला, झोपला.

पाचव्या दिवशी खोकला सुरू झाला. औषध आणलं. आठवड्याने ताप आला. पुन्हा औषध. खोकला थोडा बसायचा, पुन्हा उसळायचा. झोपेत छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. डॉक्टरांनी विचारलं होतं, “आणखी काही झालं होतं का?” मी दोनदा नाही म्हटलं. शेजारी हे बसलेले होते. ज्यांना खरी गोष्ट सांगितलीच नाही, त्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, यात त्यांचा काय दोष?

तीन आठवड्यांनी अमरावतीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ छाती ऐकली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. मग विचारलं, “खाताना कधी अचानक गुदमरून निळा पडला होता का?” मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं.

एक्स-रेमध्ये दाणा दिसला नाही. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका एक्स-रेत सहसा दिसतच नाहीत. दिसलं ते इतकंच, की उजव्या फुप्फुसात हवा कोंडली आहे. अडकलेला तुकडा कधीकधी झडपेसारखं काम करतो, हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. छातीत श्वासनळीचे दोन फाटे होतात. त्यातला उजवा अधिक रुंद आणि सरळ असतो, म्हणून गेलेली वस्तू बऱ्याचदा तिकडेच उतरते. दाणा तिथे ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं, मागे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पहिला गुदमर ओसरल्यावर मूल काही तास किंवा काही दिवस अगदी ठणठणीत दिसतं. आपण फसतो ते याच दिवसांत.

त्याच दिवशी नागपूरला नेलं. त्याला भूल देऊन दुर्बिणीने तो दाणा काढला. फुगलेला, मऊ पडलेला अर्धा दाणा. “हा पहिल्या दिवशीच सहज निघाला असता,” एवढंच डॉक्टर म्हणाले. मुलगा बरा झाला. पण माझ्या न सांगण्यामुळे त्याने तीन आठवडे भोगले, हे मी विसरणार नाही.

आवाज आहे का, ते आधी बघा

घास अडकल्यावर मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हवा ये-जा करते आहे. त्याला खोकू द्या. खोकल्याइतका चांगला उपाय तुमच्या हातात नाही. पाठ बडवू नका, पाणी पाजू नका, केळं किंवा भाताचा गोळा भरवू नका. जवळ राहा, लक्ष ठेवा.

आवाज बंद झाला, खोकला क्षीण झाला, ओठ जांभळे पडू लागले, की एक क्षणही दवडू नका. प्राणवायू बंद झाल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तिवशाच्या आसपासच्या खेड्यात ती कितीही लवकर निघाली, तरी चार मिनिटांत पोचणार नाही. ती चार मिनिटं घरातल्या माणसाचीच असतात. म्हणून दुसऱ्याला १०८ लावायला सांगा आणि तुमचे हात कामाला लावा.

हातांनी काय करायचं

मूल एक वर्षाच्या आतलं असेल, तर त्याला तुमच्या हातावर पालथं घ्या. हात मांडीवर टेकवा, बाळाचं डोकं छातीपेक्षा खाली ठेवा आणि जबडा बोटांनी धरा. गळा दाबला जाऊ देऊ नका. दोन खांद्यांच्या मधोमध ५ थापा द्या. तेवढ्याने निघालं नाही, तर उताणं करा आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ वेळा दाबा. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत थांबू नका. तान्ह्या बाळाचं पोट कधीही दाबू नका, आतल्या अवयवांना इजा होते.

एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून किंवा मांडीवर पालथं घेऊन तशाच ५ थापा द्या. मग त्याच्या मागे गुडघ्यांवर बसा, हात पुढे घ्या, एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असा झटका द्या. असे ५ झटके. हेन्री हाइमलिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७४ साली ही पद्धत मांडली. पोटावर झटके दिले असतील, तर मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा.

तोंडात डोळ्यांना दिसत असेल तेवढंच काढा. दिसत नसताना बोट फिरवू नका. मी फिरवलं आणि दाणा आत ढकलला.

मूल निपचित पडलं, श्वास घेईनासं झालं, तर टणक जमिनीवर उताणं ठेवा. छातीच्या मधोमध ३० दाब, मग तोंडाने २ श्वास, असं करत राहा. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मोबाइलचा स्पीकर चालू ठेवून १०८ वाल्यांचं ऐकत जा. हे वाचून पुरतं येत नाही. जिथे बाहुलीवर शिकवतात तिथे एकदा जाऊन हाताने करून बघा. आजी, आजोबा, काका, जो कोणी लेकरू सांभाळतो, त्या प्रत्येकाने.

काय द्यायचं, काय नाही

लहान मुलाची श्वासनळी साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. दाणे दळायच्या मागच्या दाढा दोन-अडीच वर्षांपर्यंत पूर्ण येत नाहीत. मूल समोरच्या दातांनी दाणा फोडतं आणि हसता-पळताना तो आत ओढला जातो. म्हणून पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीच्या शेंगांतले दाणे देऊ नका. कूट करून द्या, वाटून द्या, शिजवून कुस्करून द्या. द्राक्षं उभी चिरून द्या. संत्र्याच्या फोडीतल्या आणि सीताफळातल्या बिया काढून द्या. खायला देताना बसवून द्या. आणि घरातल्या मोठ्या मुलांना प्रेमाने सांगून ठेवा, की बाळाला काहीही भरवायच्या आधी मोठ्यांना विचारायचं.

जे झालं ते सगळं सांगा

गुदमरून गेलेलं मूल नंतर खेळायला लागलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. काय खाल्लं, किती वाजता, निळा पडला होता का, बाहेर काय निघालं, अख्खं की अर्धं, हे सांगा. निघालेला तुकडा सोबत न्या. पुढे खोकला हटत नसेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर महिन्याभरापूर्वीचा ठसकाही आठवून सांगा.

हीच गोष्ट बाकीच्या अपघातांना लागू आहे. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तीच औषधं आपल्या घरात, गोठ्यात, कधी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेली असतात. लेकराने घोट घेतला, तर ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. रॉकेलचंही तसंच, ओकताना ते फुप्फुसात जातं. मूळ डबा घेऊन दवाखान्यात धाव घ्या, कारण प्रत्येक विषावरचा इलाज वेगळा असतो आणि डॉक्टरांना नाव कळलं की वेळ वाचतो. औषध कधीही दुसऱ्या बाटलीत ओतू नका, कुलपात ठेवा.

कौंडण्यपूरच्या कार्तिक यात्रेतून आणलेल्या दिव्याच्या खेळण्यात चपटा, गोल सेल असतो. तो गिळला गेल्याची नुसती शंका आली, तरी सकाळची वाट पाहू नका. अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत ती आतून जळू शकते. मूल पलंगावरून पडलं, तर किती उंचीवरून आणि किती वाजता, ते लपवू नका. ओकाऱ्या होत असतील, सुस्ती वाटत असेल, तर लगेच न्या. भाजलं तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा आणि लेकरू हात लावणार नाही अशी आड करा.

सांगणाऱ्यावर ओरडू नका

नागपूरहून परतलो त्या रात्री पुतण्या माझ्याजवळ आला. तीन आठवडे तो बाळाजवळ फिरकला नव्हता. मला वाटलं होतं, खेळात रमला असेल. हळूच म्हणाला, “काकू, म्या देल्ला होता त्याले दाणा.” मी एकटीने लपवलं असं मला वाटत होतं. त्या सहा वर्षांच्या लेकराने तेच ओझं माझ्याइतकेच दिवस वाहिलं होतं.

त्याला जवळ घेतलं, तेव्हा मला कळलं, की आमच्या घरात अपघात झाला की आधी विचारतात, “लक्ष कुठे होतं?” या प्रश्नाच्या धाकाने बाया लपवतात, मुलं लपवतात, आणि डॉक्टरांपर्यंत अर्धी गोष्ट पोचते. सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आता आपण आधी विचारू, काय झालं. बाकीचं मंग.” चिवड्यात त्या आता दाणे घालत नाहीत, ज्याला हवे त्याला वाटीत वेगळे देतात.

पुतण्या आता १२ वर्षांचा आहे. परवा घरी पाहुण्यांचं रांगतं बाळ आलं होतं. तो अंगणातून धावत आला. “काकू, त्यानं तुमच्या माळेचा मणी तोंडात घातला. म्या पायलं. एकच आहे, गालात आहे, दिसून राह्यला.” आम्ही दोघांनी मिळून तो मणी काढला. लक्ष कुठे होतं, असं कोणीही विचारलं नाही.