खाडीकाठची नावे : कोकणातील स्थलनामांचे लेखन आणि नौकांचे नामकरण

१

मराठीत ‘नाव’ हे शब्द दोन आहेत. ‘नामन्’पासून आलेले नाव नपुंसकलिंगी, तर ‘नौ’शी नाते सांगणारी नाव स्त्रीलिंगी. मूळ रूपात दोहोंचे लेखन एकच आहे. भेद उघड होतो तो विभक्ती लागल्यावर. ‘नावाने हाक मारली’ आणि ‘नावेने पैलतीर गाठला’ या वाक्यांत कोणता शब्द अभिप्रेत आहे याविषयी कोणाही मराठी भाषकाच्या मनात शंका उरत नाही. शब्दाची खरी ओळख त्याच्या सामान्यरूपात होते, ही व्याकरणातील परिचित गोष्ट कोकणातील खाडीकाठच्या दोन प्रश्नांना लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पहिला प्रश्न गावांच्या नावांचे देवनागरी लेखन कसे असावे हा, आणि दुसरा त्या गावांना जोडणाऱ्या फेरीबोटींना नावे कोणती द्यावीत हा.

हे प्रश्न सामान्यतः वेगवेगळे चर्चिले जातात. पहिला महसुली दप्तराचा व पाट्यांचा मानला जातो, दुसरा हौसेचा. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच विचारणा आहे : नाव कोणाच्या तोंडी राहावयाचे आहे?

२

कोकणातील स्थलनामांच्या लेखनात जो घोळ दिसतो, त्याचे प्रमुख कारण रोमन लिपीतून देवनागरीकडे झालेला उलटा प्रवास हे होय. मूळ उच्चार मराठी. तो इंग्रजी अंमलात रोमन अक्षरांत नोंदला गेला. आणि पुढे अनेक ठिकाणी देवनागरी रूप गावाच्या तोंडून न घेता त्या रोमन नोंदीवरूनच पुन्हा घडवले गेले. या येरझाऱ्यात जे ध्वनी रोमन लिपीत वेगळे दाखवले जात नाहीत, ते हरवले. ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’, ‘थ’ व ‘ठ’, ‘द’ व ‘ड’ यांचा भेद नेहमीच्या रोमन लेखनात राहत नाही. त्यामुळे दाभोळचे ‘दाभोल’, चिपळूणचे ‘चिपलुन’, तवसाळचे ‘तवसाल’ होते. परभाषक प्रवाशाने असे वाचले तर त्यात दोष नाही. परंतु तेच रूप मराठी मजकुरात अवतरते तेव्हा ती लेखनातील किरकोळ चूक राहत नाही. पुढची पिढी नाव कानाने शिकण्याआधी पाटीवरून शिकते.

‘दांडा’ या पदाचे उदाहरण बोलके आहे. समुद्रात वा खाडीत शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्याला किनाऱ्यावर दांडा म्हणतात. राजपुरी खाडीवरील आगरदांडा आणि मुंबईतील खारदांडा या नावांत हे पद स्पष्ट आहे. कुंडलिकेच्या मुखाजवळचे रेवदंडा मात्र रूढ लेखनात अनुस्वारयुक्त ऱ्हस्व ‘दं’ने लिहिले जाते. रोमन लेखनात तिन्हींचे उत्तरपद एकसारखे दिसते. म्हणून त्यावरून देवनागरी रूप ठरवणारा लेखनिक एक तर तिन्ही ठिकाणी ‘दंडा’ लिहील किंवा तिन्ही ठिकाणी ‘दांडा’. दोन्हींपैकी काहीही केले तरी गावाने राखलेला भेद पुसला जाईल.

गोव्यात हाच प्रकार पोर्तुगीज लेखनपद्धतीमुळे झाला. स्वरांमधला ‘ड’ पोर्तुगीज लेखनात पुष्कळदा ‘र’साठीच्या अक्षराने दाखवला गेला आणि अन्त्य अनुनासिकासाठी ‘म’चे अक्षर किंवा स्वरावरील चिन्ह वापरले गेले. मांडवीतील चोडण बेटाचे रोमन रूप मराठी वाचक ‘चोराव’ असे वाचतो आणि दिवाडीचे ‘दिवार’. पणजीसमोरच्या बेतीच्या रोमन रूपाअखेर येणारा ‘म’ हा उच्चाराचा व्यंजन नसून अनुनासिकाची खूण आहे. हे न कळल्यामुळे ‘बेतीम’ असा नवाच उच्चार कानी पडतो. पोर्तुगीज लेखनपद्धती स्वतःच्या नियमांत सुसंगत होती. गोंधळ झाला तो तिचे नियम न जाणता ती इंग्रजीसारखी वाचल्यामुळे.

३

दुसरा गट अधिक गुंतागुंतीचा आहे. ठाणे की ठाणा, रोहे की रोहा, वेंगुर्ले की वेंगुर्ला, बागमांडले की बागमांडला, असा विकल्प किनाऱ्यावरच्या अनेक नावांत आढळतो. यांतील एकारान्त रूपे मूळची सानुस्वार नपुंसकलिंगी : ठाणें, रोहें, वेंगुर्लें. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार लेखनातून गेले आणि ‘ठाणे’, ‘रोहे’ ही रूपे उरली. आकारान्त रूपांना रोमन लेखनातील अन्त्य अक्षराने बळ दिले.

आता गावकऱ्याला विचारून हा वाद मिटावा, अशी अपेक्षा असते; पण ती सहज पुरी होत नाही. त्याचे कारण भाषिक आहे. मराठीत गावाचे नाव प्रथमेत फार थोड्या वेळा येते. माणूस वेंगुर्ल्याला जातो, वेंगुर्ल्याहून येतो, वेंगुर्ल्यात राहतो, वेंगुर्ल्याचा असतो. एकारान्त नपुंसकलिंगी आणि आकारान्त पुल्लिंगी या दोन्ही शब्दांचे सामान्यरूप एकच, ‘वेंगुर्ल्या’, असे होत असल्याने बोलणाऱ्याला मूळ रूप निवडण्याची वेळच येत नाही. ती येते पाटी रंगवणाऱ्यावर, तिकीट छापणाऱ्यावर आणि नकाशा काढणाऱ्यावर. जे रूप बोलण्यात क्वचित लागते, नेमके तेच लेखनात सर्वत्र लागते. आणि म्हणून ते बोलणाऱ्यांऐवजी लिहिणाऱ्यांच्या हाती गेले. या गटातील नावांबाबत निर्णय करावयाचा तर सामान्यरूप उपयोगी नाही. लिंगाचा आधार घ्यावा लागतो. ‘रोहे मागे पडले’ की ‘रोहा मागे पडला’, ‘वेंगुर्ले दिसू लागले’ की ‘वेंगुर्ला दिसू लागला’, हे ऐकून टिपणे हा खरा क्षेत्राभ्यास होय.

याउलट काही नावांबाबत सामान्यरूप निःसंदिग्ध साक्ष देते. दापोली तालुक्यातील बंदर हर्णै की हर्णे, असा प्रश्न केला जातो. नाव एकारान्त असते तर आंजर्ल्यावरून ‘आंजर्ल्याला’ तसे ‘हर्ण्याला’ ऐकू आले असते. बंदरावर मात्र ‘हर्णैला’, ‘हर्णैचा बाजार’ असेच म्हटले जाते. येथे ऐकारान्त रूपच ग्राह्य धरावे लागते, मग ते लेखनिकाला कितीही अपरिचित वाटो.

व्युत्पत्तीचा आधार मात्र जपून घ्यावा. वि. का. राजवाडे यांनी ग्रामनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावयास शिकवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती उभारण्याचा मोह त्यांच्यानंतरच्या अनेकांना आवरला नाही. अलिबाग हे नाव ‘अली’ या व्यक्तिनामावरून आले अशी परंपरा आहे. ती मान्य केली तरी त्यावरून ‘अलीबाग’ असे दीर्घ लेखन सक्तीचे ठरत नाही. रूढ लेखन ‘अलिबाग’ असेच आहे. नावाचा उगम आणि त्याचे प्रचलित रूप या दोन वेगळ्या बाबी आहेत.

४

सत्तेने दिलेली नावे आणि वापराने रुळलेली नावे यांच्या स्पर्धेत किनाऱ्याने कोणाची बाजू घेतली, हे पाहण्यासारखे आहे. बाणकोटच्या किल्ल्याला इंग्रजांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटले, सिंधुदुर्गाला ‘फोर्ट ऑगस्टस’. दोन्ही नावे आज पुस्तकांतच सापडतात. मुंबईत ज्या धक्क्यावरून रेवसच्या लाँची सुटत आल्या, त्याचे इंग्रजी नाव ‘फेरी व्हार्फ’. परंतु उतारूंच्या तोंडी कायम राहिला तो ‘भाऊचा धक्का’. या नावाच्या पोटातच षष्ठी आहे, आणि ‘भाऊच्या धक्क्यावर’ असे म्हणताना त्याचे दोन्ही अवयव मराठीच्या नियमाने चालतात.

‘काशाचा खडक’ हे नाव याच जातीचे. मराठीत ‘ससा’चे ‘सशाचा’ आणि ‘पैसा’चे ‘पैशाचा’ होते, त्याच नियमाने ‘कासा’चे ‘काशाचा’ हे रूप होते. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाला ‘कासा’ असे दुसरे नाव आहे, हेही येथे आठवते. काही जण ‘काश्याचा’ असे लिहितात. मूळ शब्द ‘कासा’ धरल्यास ते लेखन प्रमाण मराठीच्या नियमाशी जुळत नाही. हा वाद पुस्तकी वाटेल. पण १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट याच खडकाच्या परिसरात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. समुद्रातल्या खडकाचे नाव ही किनाऱ्यावरच्या माणसांची सावधगिरीची नोंद असते. तिचे रूप बिघडले, तर पिढ्यांनी जपलेल्या माहितीचा दुवा सैल होतो.

५

‘रामदास’च्या उल्लेखासरशी दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. किनारी वाहतुकीतील आगबोटींना ‘रामदास’, ‘तुकाराम’ अशी संतनामे दिली गेली. घाटावर आणि कोकणात सारखीच श्रद्धेय असलेली ही नावे उतारूंना परकी वाटण्याचा प्रश्न नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आली. यांपैकी कोणते नाव चांगले, याचे उत्तर आवडीनिवडीवर न सोडता भाषेच्या वर्तनावरून देता येते.

नौकेला नाव दिले की मराठीत एक बारीक घटना घडते : नावाचे मूळ लिंग बाजूला पडून ते नौकेचे लिंग स्वीकारते. ‘रामदास बुडाला’ असे कोणी म्हटले नाही. ‘रामदास बुडाली’ असेच म्हटले गेले. बोट, नाव, होडी, लाँच हे शब्द स्त्रीलिंगी असल्याने अध्याहृत नाम क्रियापदावर सत्ता चालवते. जे नाव हा बदल सहज सोसते आणि ज्याला विभक्ती लावताना जीभ अडखळत नाही, ते मराठीत रुळते.

जे सोसत नाही, त्याच्या जागी लोक दुसरे नाव योजतात. भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर २०२० मध्ये वाहने नेणारी मोठी नौका सुरू झाली. तिचे नाव ‘एम टू एम’. त्यातील अक्षर-अंकांचा खेळ इंग्रजीतच कळणारा. मराठी प्रवासी ‘रोरोने आलो’ असे म्हणून मोकळा होतो. ‘रोरो’ हाही इंग्रजी संक्षेपच आहे. पण तो स्वरान्त असून विभक्ती बिनतक्रार घेतो. मुद्दा शब्दाच्या कुळाचा नाही, चलनाचा आहे. दक्षिणेकडील खाड्यांवर अशाच नौकेला ‘जंगलजेटी’ असे नाव मिळाले, तेही लोकांनीच रुळवले. गोव्यात रायबंदर–चोडण मार्गावर २०२५ मध्ये आलेल्या रो-रो नौकांना ‘गंगोत्री’ व ‘द्वारका’ अशी नावे देण्यात आली. ती श्रुतिमधुर आहेत आणि विभक्तीही घेतात. तथापि मांडवीच्या पाण्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. नाव चालण्यासाठी व्याकरण पुरेसे असते; ते त्या ठिकाणचे होण्यासाठी आणखी काही लागते.

हे ध्यानात घेतल्यास नामकरणाचे पर्याय दूर शोधावे लागत नाहीत. पहिला नद्यांचा. बाणकोट खाडीवरील वेसवी–बागमांडला फेरीला ‘सावित्री’ आणि दाभोळ–धोपावे फेरीला ‘वाशिष्ठी’ ही नावे स्वाभाविक होत. जयगड–तवसाळ फेरीचा प्रश्न थोडा वेगळा. तेथील नदी ‘शास्त्री’, आणि ‘शास्त्री आली’ या वाक्यात आडनावाचा भास होतो. तेथे ‘तवसाळी’ असे गावावरून नाव घडवता येईल. त्यातील ‘ळ’ निदान नौकेच्या कपाळावर तरी शाबूत राहील. दुसरा पर्याय दर्यावर्दी शब्दसंग्रहाचा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला ‘मतलई’ म्हणतात. सकाळच्या पहिल्या फेरीला याहून नेमके नाव कोणते? ‘भरती’ हेही चांगले. ‘उधाण’ मात्र उतारूंना आश्वासक वाटणार नाही. आणि ‘भांग’ हा लहान भरतीचा पारिभाषिक शब्द अन्य अर्थामुळे वर्ज्य करावा लागेल.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. स्थानिक उच्चार म्हणजे नेमका कोणाचा, हा पहिला. कोळी, भंडारी, खारवी, कोकणी मुसलमान यांच्या बोलीत एकाच गावाचे नाव किंचित भिन्न असू शकते. हे खरे आहे. म्हणूनच एका प्रतिष्ठिताला विचारून पाटी रंगवू नये. सर्व रूपे विभक्तीसह नोंदवावीत आणि लेखनासाठी असे रूप निवडावे, की ज्यापासून बहुतेकांची सामान्यरूपे सिद्ध होतील. दुसरा आक्षेप दप्तरातील सातत्याचा. त्यासाठी रोमन रूप आहे तसे ठेवण्यास हरकत नाही. देवनागरी रूप त्यावरून घडवू नये, एवढाच आग्रह आहे. नोंद चुकली की नाव कोठवर भरकटते, याला दाभोळ साक्ष आहे. १९९० च्या दशकात देशभर गाजलेला ‘दाभोळ’ वीजप्रकल्प प्रत्यक्षात पैलतीरी, गुहागर तालुक्यातील अंजनवेल–वेलदूर परिसरात होता. नाव खाडी ओलांडून गेले. आणि ज्या गावांची जमीन गेली, त्यांची नावे वादाच्या मथळ्यांत क्वचितच आली.

हा विचार आजच करण्याचे कारण आहे. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना राज्य शासनाने हाती घेतली आहे. पुलाने प्रवास सुकर होईल, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तरीवर थांबलेला माणूस समोरच्या गावाचे नाव घेऊन विचारतो, तांडेल ते नाव घेऊन हाक देतो. पुलावरून जाणारी मोटार कोणालाच काही विचारत नाही. तर बंद झाली की ‘हर्णैला’, ‘बागमांडल्याहून’ ही रूपे ऐकण्याची एक हक्काची जागा नाहीशी होईल आणि पाटीवरचे प्रथमेतील रूप तेवढे उरेल. ती पाटी लिहिण्यापूर्वी मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी खाडीच्या दोन्ही तीरांवर बसून, कोणते नाव कसे चालते, याची नोंद करून ठेवणे अगत्याचे आहे.