चिऱ्याची भिंत आणि सिमेंटचा गिलावा

कोकणात जांभ्याचे घर पर्यावरणपूरक मानले जाते आणि ते योग्यच आहे. जांभ्याचा चिरा भट्टीत भाजावा लागत नाही, खाण बहुधा जवळपासच असते आणि खाणीत सहज कापला जाणारा हा दगड हवा लागल्यावर कठीण होत जातो; या गुणाची नोंद सर्वेक्षक फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ सालीच मलबारच्या वर्णनात केली होती. तथापि केवळ चिरा वापरल्याने घर टिकत नाही, हे सिमेंटचा गिलावा केलेल्या अनेक घरांच्या मालकांना काही पावसाळ्यांनंतरच उमगते.

जांभा सच्छिद्र असल्याने जोत्यातली ओल केशाकर्षणाने, म्हणजे सूक्ष्म छिद्रांतून पाणी आपोआप वर खेचले जाण्याच्या क्रियेने, भिंतीत चढते. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडतो, तर सिमेंटचा घट्ट थर तिला कोंडून धरतो. मग पाण्यातले क्षार गिलाव्यामागे स्फटिकरूप होऊन त्याला ढकलतात, लोणा फुटतो आणि पोपडे गळू लागतात. खेदाची गोष्ट अशी की अशा वेळी बहुतेक ठिकाणी पोपडे खरवडून अधिक सिमेंटचा गिलावा चढवला जातो, त्यामुळे कोंडलेली ओल आणखी वर, खिडकीच्या चौकटीपर्यंत पोहोचते आणि लाकूडही कुजू लागते.

म्हणून नवे घर बांधणाऱ्याने आधी पाण्याचा बंदोबस्त करावा: जोते पुरेसे उंच घ्यावे, त्याच्या माथ्यावर ओलप्रतिबंधक थर घालावा, वळचण भिंतीपासून चांगली बाहेर काढावी आणि पागोळ्यांचे पाणी गटारातून दूर न्यावे. त्यानंतर गिलावा चुन्याचाच करावा, कारण तो ओल बाहेर सोडतो; पर्यावरणाच्या दृष्टीनेही पाहिले तर चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली जाते, तर सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश लागतात. शिवाय घट्ट होताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड काही अंशी परत घेतो. मात्र तो सावकाश घट्ट होत असल्याने पातळ थरांत लावावा, प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवावा आणि हे काम दिवाळीनंतर सुरू करून पावसाळ्याच्या बऱ्याच आधी संपवावे. कळीचा चुना विझवताना तो उकळून अंगावर उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. हे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले असल्याने आधी मागील भिंतीचा छोटा भाग करून घ्यावा, तो वाळला की तडे तपासावेत आणि मगच उरलेल्या भिंती त्यांच्या हाती द्याव्यात. वर प्लास्टिक रंग न लावता चुन्याची सफेदीच ठेवावी.