शटरच्या स्प्रिंगविषयी चिरंजीव सुहास यास काकांचे पत्र



दुकानाचे शटर खाली ओढले जाते तेव्हा त्याच्या वजनाने केलेले काम वाया जात नाही. वरच्या पाइपावरील डब्यांत गुंडाळून बसविलेल्या पोलादी पट्ट्या, म्हणजेच स्प्रिंगा, त्या कामाने आवळल्या जातात आणि मालक कुलूप लावून घरी गेल्यावरही रात्रभर तशाच आवळलेल्या राहतात. हे चिरंजीवास ठाऊक नाही असे मुळीच नाही, आणि म्हणूनच गावाकडे पोहोचलेल्या बातमीने घरातील सर्वांची झोप उडाली आहे. शटर बंद, शिडीवर एकटाच, ब्रॅकेटचा बोल्ट ढिला केलेला, सगळा पाइप एका पान्यावर तोललेला, तोंड पाना फिरण्याच्या वाटेत आणि डोळ्यांवर चष्मा नाही, अशी ती बातमी आहे. सांगणाऱ्याने तिखटमीठ लावले असेलही. परंतु निम्मी खरी असली तरी ती पुरेशी वाईट आहे. अण्णांच्या डोळ्याचा विषय घरात पुन्हा काढायचा नाही असे ठरलेले आहे, म्हणून तो येथेही काढलेला नाही.

या ऊर्जेचा हिशेब कागदावर एकदा तरी मांडून पाहावा. शटर ६० किलो वजनाचे व अडीच मीटर उंचीचे आणि ते ज्यावर गुंडाळले जाते त्या चाकाची त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर खाली ओढलेले शटर त्या चाकावर सुमारे ५९ न्यूटन-मीटरचे आघूर्ण, म्हणजे फिरविण्याचा जोर, लावते. शटर वर जात असता लोंबणारा भाग कमी होतो आणि त्याच प्रमाणात हा जोरही उतरतो; स्प्रिंगचे आघूर्णही पीळ सुटत जाईल तसे त्याच सरळ प्रमाणात उतरते, आणि म्हणूनच ६० किलोचे शटर दोन बोटांनी उचलता येते. या जुळणीतील सौंदर्य ज्याला दिसले, त्याने हा धंदा केवळ पोटासाठी केला असे म्हणता येत नाही. अडीच मीटरसाठी चाकाचे साधारण चार फेरे होतात आणि तेवढ्या फेऱ्यांत सर्व स्प्रिंगांत मिळून सुमारे ७३५ ज्यूल ऊर्जा साठते. पाच किलोचे वजन पाचव्या मजल्यावरून सुटले तर जमिनीला जेवढा तडाखा बसेल, तेवढी ही ऊर्जा आहे. शटर उचलताना ती काही सेकंदांत, ६० किलोच्या ओझ्याला जुंपलेली अशी बाहेर पडते. बोल्ट निसटला तर तीच ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते आणि ओढायला समोर फक्त पाइप, पाना आणि पाना धरणारा हात उरतो. शिवाय बसवितानाच स्प्रिंगला एक-दोन फेरे आगाऊ पीळ दिलेला असल्यामुळे, शटर पूर्ण वर असतानाही ती मेलेली नसते.

पिळाची स्प्रिंग असे म्हटले जात असले तरी आतील पट्टी प्रत्यक्षात पिळली जात नाही, ती वाकते. वाकताना तिचा एक पृष्ठभाग ताणला जातो व दुसरा दाबला जातो, आणि पोलादाच्या प्रत्येक थरात साठलेला हा ताण व दाब म्हणजेच साठलेली ऊर्जा होय. हायगेन्सने १६७५ मध्ये घड्याळाच्या चाकाला जी नाजूक सर्पिल स्प्रिंग जोडली, तिचेही काम याच तत्त्वावर चालते. पीळ दुप्पट केला की जोर दुप्पट होतो, ऊर्जा मात्र चौपट होते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे दोन मिलिमीटरच्या जागी २.२ मिलिमीटरची पट्टी घातली तर तो तब्बल ३३ टक्क्यांनी वाढतो; तेव्हा दुकानात हाताला लागेल ती पट्टी उचलून बसविणे हा कामचुकारपणा आहे. पट्टी बहुधा जेथे गंजाचा खड्डा पडला आहे तेथून तुटते, कारण रोजच्या उघडझापीने ताण तेथेच एकवटत राहतो.

हे सारे काकांना चाळिशीनंतर, पुतण्याची पॉलिटेक्निकची पुस्तके चाळताना समजले. तरुणपणी उस्तादाला ‘असे का’ म्हणून विचारण्याची सोय नव्हती, आणि रात्रशाळेत नाव घालण्याची इच्छा घरखर्चापुढे मागे पडली. ती हळहळ अजून गेलेली नाही. चिरंजीवास दोन्ही मिळाले आहे, विद्याही आणि हातही, आणि नेमका तोच बंद शटरच्या पाइपाखाली एकटा उभा राहतो, हे मनाला लागते.

काम करताना शटर पूर्ण वर घेऊन बांधावे, दोन माणसे व दोन पाने असावेत, एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याने पकड बदलू नये, आणि ज्या वाटेने पीळ दिला त्याच वाटेने तो अर्धा-अर्धा फेरा परत काढावा. मालक घाई करीत असेल तर काम सोडून खाली उतरावे. बुडालेली मजुरी काका देतील.

एवढे कठोर लिहिण्याचे कारण राग नाही. चिरंजीवाच्या हातचे शटर कसे हलके चालते हे बाजारपेठेतील लोक आपण होऊन सांगतात, तेव्हा वहिनींचा चेहरा फुलतो आणि काकांनाही दिवसभर बरे वाटते. बातमी कळल्यापासून वहिनी नीट जेवलेल्या नाहीत, म्हणून रविवारची वाट न पाहता त्यांना फोन करावा. शटरचा विषय त्या काढणार नाहीत, तो आपणच काढावा. येणाऱ्याबरोबर कामाचा चष्मा, वहिनींनी केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या आणि हातमोजे पाठविले आहेत. चष्म्याचा नंबर जुन्या चिठ्ठीवरून दिला आहे. जुळत नसेल तर कळवावे, लगेच बदलून पाठविता येईल.